दोन ‘नको’ आणि एक म्हैस

आमच्या घरी पाहुण्यानं पहिल्यांदा म्हटलेल्या ‘नको’ला काही अर्थ नसायचा. दुसऱ्या ‘नको’लाही फारसा नसे. आई हातात कालथा घेऊन उभी, समोरच्याचा हात ताटावर आडवा, आणि तो हात दिसतच नाही अशा थाटात आईचं विचारणं चालू. तिसऱ्या खेपेला हात बाजूला व्हायचा, ‘बरं, अर्धंच द्या’ असं पुटपुटलं जायचं आणि मग माणूस निवांत पोटभर जेवायचा. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, आदित्यला, तिनं हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. कुणाकडे गेलं की विचारल्याबरोबर हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा थोडंसं घ्यायचं. आम्ही दोघं तिला इंग्रजीतच उत्तरं द्यायचो. ‘बट आई, व्हॉट इफ दे डोंट आस्क अगेन?’ मी एकदा विचारलं. आईला प्रश्नच कळला नाही. ‘असं कसं विचारणार नाहीत? माणसंच आहेत ना ती?’ ती म्हणाली आणि घावन उलटायला वळली. या एका शिकवणीनं पुढे भर सभागृहात माझी जी फजिती केली, तिची आठवण झाली की माझे कान अजूनही तापतात.

आम्ही तेव्हा शारजातल्या अल नहदात राहायचो, सातव्या मजल्यावर. बाल्कनीतून पाहिलं की रस्त्याच्या अलीकडे शारजा आणि पलीकडे दुबई, आणि दोन्हीकडे अर्धवट उभ्या इमारती. एरवी सकाळपासून क्रेनची घरघर असायची. शुक्रवारी ती थांबायची आणि मग घरातले आवाज ऐकू यायचे: खिडकीतल्या एसीची खडखड, बाबांच्या वर्तमानपत्राची फडफड, तव्यावर पीठ पडल्यावरचा चर्र. शुक्रवारी घावनं आणि काळ्या वाटाण्याची उसळ ठरलेली, कारण शुक्रवारी सदानंदकाका यायचे. आई ठाण्याची, तिला घावनं मुळात येत नव्हती. ती तिनं काकांसाठी शिकून घेतली होती, हे मात्र ती कधी कबूल करायची नाही.

सदानंदकाका बाबांच्या कंपनीच्या अल कुसैसमधल्या वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवायचे. पत्रा कापायचा, घडी घालायची, रिबिटं मारायची. गाव रत्नागिरीकडचं, बायको आणि दोन मुली तिकडे, आणि हे इथे कंपनीच्या कॅम्पवर एका खोलीत आठ जणांबरोबर. एका वर्षी गणपतीच्या आरतीला बाबांनी त्यांना घरी आणलं आणि ते आमचेच झाले. चपला दाराबाहेर अगदी भिंतीला लावून काढायचे आणि सोफ्याच्या कडेवर बसायचे. ‘नको वैनी, कॅम्पवर खाऊन आलोय.’ मग, ‘खरंच नको, वैनी.’ मग, ‘बरं, एकच द्या.’ त्यानंतर पाच घावनं. आदित्य बोटांवर घावनं मोजत असायचा आणि बाबा त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे. काकांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याशी मला मराठीतच बोलावं लागायचं. आज लोक म्हणतात, परदेशात वाढूनही तुमचं मराठी किती छान. त्यांना काय सांगू? त्यातलं निम्मं मी पत्र्याला घड्या घालताना शिकले.

त्या वर्षी आमच्या फिजिक्सच्या बाईंनी वर्गात स्टेपल मारलेल्या कागदांचा गठ्ठा आणून टेबलावर आपटला. एका कॉलेजच्या सभागृहात शाळाशाळांच्या यंत्रमानवांची स्पर्धा होणार होती. बारा शाळा, तीन महिन्यांची तयारी. फॉर्म कुणीतरी सुवाच्य अक्षरात भरायला हवा होता, तो मी भरला आणि कप्तान म्हणून माझंच नाव पडलं. जोजी हा केरळचा मुलगा चालक झाला, कारण रिमोटवरची मोटारगाडी त्याच्याइतकी सफाईनं कुणी चालवत नसे. वायरी जोडायला दहावीतल्या दोन मुली. आमच्या शाळेत वर्कशॉप नव्हतं. होती ती कुलूपबंद कपाटांची प्रयोगशाळा. तेव्हा शुक्रवारची घावनं झाली की बाबा आम्हाला गाडीत कोंबून अल कुसैसला न्यायचे आणि काका त्यांचा सुट्टीचा अर्धा दिवस आमच्यावर घालवायचे.

मी घरून पट्टीनं आखलेली चित्रं न्यायचे. काका ती बाजूला सारायचे. ‘कागद नको दाखवू गो मने. त्या यंत्रानं करायचं काय, ते सांग.’ मी सांगायचे: मैदानावर फुटबॉल विखुरलेले असतात, ते पिंपात टाकायचे, आणि मैदानाच्या मधोमध एक उतार आहे, त्याला रॅम्प म्हणतात, घंटा वाजेल तेव्हा जो त्या रॅम्पवर असेल त्याला भरघोस गुण. काका ऐकत डक्टचा उरलेला पत्रा हातात फिरवायचे. भंगारबाजारातून जुन्या गाड्यांच्या काचा पुसायच्या मोटारी आणल्या, त्यांनी त्यांच्यावर चाकं बसवली. महिनाभरात जे तयार झालं ते रुंद, बुटकं, चंदेरी आणि भयंकर जड होतं. चेंडू उचलण्यात ते अगदीच मंद. पण एकदा जागेवर थांबलं की जोजीनं आणि मी मिळून ढकलूनही हललं नाही. काका कमरेवर हात ठेवून हसले. ‘ही म्हस झाली. बसली की उठायची नाय.’ फॉर्मवर संघाचं नाव इंग्रजीत लिहायचं होतं. मी इंग्रजी अक्षरांत तसंच्या तसं ‘म्हैस’ लिहिलं, आणि पुढे कंसात ‘बफेलो’.

आता स्पर्धेची पद्धत सांगते, कारण सगळी मजा तीत होती. नियम अमेरिकेतल्या कुठल्याशा स्पर्धेवरून उचललेले होते आणि आम्हाला ते पहिल्यांदा वाचून वेड लागायची पाळी आली. कुणी एकटं खेळायचंच नाही. प्रत्येक सामन्यात दोन संघांची युती विरुद्ध दुसऱ्या दोन संघांची युती, आणि सकाळच्या फेरीत या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. दहा वाजता जो तुमच्या खांद्याला खांदा लावून लढला, तोच साडेदहाला तुमच्या अंगावर धावून येणार. काकांना हे सांगितल्यावर त्यांना जराही नवल वाटलं नाही. ‘म्हणजे आमची ग्रामपंचायत.’ त्याहून विचित्र म्हणजे जिंकणाऱ्याला मिळायचे ते हरणाऱ्याच्या गुणांच्या दुप्पट गुण. त्यामुळे समोरच्याला शून्यावर हरवलं तर हाती काहीच लागायचं नाही. जिंकत आलेले संघ शेवटी मुद्दाम थांबून विरुद्ध पक्षाला चेंडू टाकू द्यायचे, घ्या हो अजून एक, असं म्हटल्यासारखे. आईला हा नियम फार आवडला.

सकाळच्या फेरीनंतर गुणांप्रमाणे बारा संघांची यादी लागायची. पहिले चार कप्तान. एकेका कप्तानानं माइकसमोर येऊन उरलेल्यांतून आपला जोडीदार निवडायचा, अगदी खालच्या क्रमांकाच्या कप्तानालासुद्धा तो निवडू शकायचा; तसं झालं की यादीतला पुढचा संघ वर सरकून कप्तान व्हायचा. अशा चार युत्या दुपारी बाद फेरीत खेळायच्या, तीनपैकी दोन सामने जिंकेल ती पुढे. उरलेल्या चार संघांनी आपलं यंत्र खोक्यात भरून घरी जायचं. आणि एक बारीक अक्षरातला नियम होता: विचारल्यावर ज्या संघानं नकार दिला, त्याला नंतर दुसरं कुणीही निवडू शकत नाही. मी हा नियम वाचला होता. लाल पेनानं अधोरेखितही केला होता.

मला दुपार गाठायचीच होती, आणि तिचं कारण करंडक नव्हतं. सदानंदकाका गावी चालले होते, कायमचे. बावीस वर्षं झाली होती. बाबांनी कंपनीत शब्द टाकून व्हिसा वाढवून घ्यायची तयारी दाखवली होती, काका नको म्हणाले होते. आई बाबांना म्हणायची, ‘तुम्ही एकदाच विचारलंत. अजून विचारा, राहतील ते.’ स्पर्धा शुक्रवारी होती आणि काकांचं विमान रविवारी. त्या शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांना हातातलं काम नव्या माणसाच्या हवाली करायचं होतं. त्यांनी म्हैस वर्कशॉपच्या अंगणात चार पावलं चाललेली पाहिली होती, तेवढीच. ‘जेवणवेळेनंतर पोचतो गो,’ ते आदल्या आठवड्यात म्हणाले. ‘तवर म्हस शिल्लक ठेव.’ मी छाती ठोकून हो म्हटलं होतं.

सकाळ कशी गेली ते मला सलग आठवत नाही. रबराचा जळका वास, शिट्ट्या, कुणाचा तरी ‘यल्ला, यल्ला!’ असा ओरडा, आणि निवेदकाला ‘म्हैस’ म्हणता येईना म्हणून दर वेळी वेगळंच काहीतरी. जोजी चालवायचा आणि मी शेजारी उभी राहून सेकंद मोजायचे. आमचा सामना नसला की मी वही घेऊन कठड्याला चिकटायचे आणि प्रत्येक संघाबद्दल दोन ओळी लिहायचे: कोण वेगवान, कोण उलटतो, कुणाची साखळी निसटते. एवढी खूश मी परीक्षेत पहिली येऊनही कधी झाले नव्हते. बारा वाजता यादी लागली तेव्हा आम्ही पाचवे होतो. पाचवे! जोजीनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि मग लाजून खाली ठेवलं. पहिल्या क्रमांकावर होता करीम, दुबईतल्या एका मोठ्या शाळेचा उंच लेबनीज मुलगा. त्याच्या यंत्राला क्रेनसारखा हात होता आणि तो सगळ्यांना ‘हबीबी’ म्हणायचा, पंचांनासुद्धा.

पंच एक इंग्रज गृहस्थ होते, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात शिट्टी. त्यांनी सगळ्या कप्तानांना रांगेत उभं केलं आणि करीमला माइक दिला. माझी खात्री होती की तो दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला घेणार. तो सरळ माझ्यासमोर आला आणि वाकून म्हणाला, ‘द फर्स्ट अलायन्स वुड लाइक टू इन्व्हाइट... द बफेलो!’ सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. आणि माइक माझ्या तोंडासमोर आला.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पहिला क्रमांक स्वतः चालत येऊन मला विचारतोय, चारशे डोळे माझ्यावर, आणि हो म्हटलं तर हावरट दिसेल हे कुठून तरी आतून वर आलं. मी हसले. माझा उजवा हात आपोआप पुढे आडवा झाला, समोर ताट असल्यासारखा. ‘ओह नो, नो, प्लीज,’ मी म्हणाले. आणि थांबले. मी खरोखर थांबले होते, त्यानं दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत.

करीमला कळलं होतं. तो छातीवर हात ठेवून पुढे काही बोलणार, तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. ‘टीम फाइव्ह डिक्लाइन्स.’

‘सर, शी इज जस्ट बीइंग पोलाइट!’ करीम म्हणाला. ‘लेट मी आस्क अगेन!’

‘शी सेड नो, यंग मॅन. नो मीन्स नो. इट्स इन द रूल्स.’ पंचांनी कागदावर रेघ मारली. प्रेक्षकांत आई उठून उभी राहिली होती आणि बाबा तिचा पदर धरून तिला खाली बसवत होते. जोजी माझ्याकडे बघत होता. ‘व्हाय डिड यू से नो?’ त्यानं अगदी हळू विचारलं, आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आता आम्हाला कुणी निवडू शकत नव्हतं. काका बस पकडून, दोन बस बदलून येणार होते आणि त्यांना म्हैस खोक्यात बांधलेली दिसणार होती. मी त्यांना दिलेला शब्द सभ्यपणापायी घालवला होता, स्वतःच्या तोंडानं, माइकवर.

एकच फट उरली होती आणि ती मला वहीतल्या यादीत दिसली. वरच्या चारांपैकी कुणी एकानं दुसऱ्या वरच्यालाच निवडलं तर आम्ही पाचवे चौथे होणार होतो, आणि कप्तानाला कुणी निवडावं लागत नाही. करीमनं डोकं हलवत सातव्या संघाला घेतलं. दुसऱ्या क्रमांकाच्या अबू धाबीच्या मुलींनी सहाव्याला घेतलं. राहिला तिसरा. त्याचा कप्तान चष्मा पुसत बसला. मी मनात गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं फेडलेलं नाही. त्यानं चष्मा घातला, यादीकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या चौथ्या संघाच्या कप्तानाच्या खांद्यावर हात टाकला. दोघं एकाच गल्लीत राहणारे मित्र होते. मित्रानं हो म्हटलं, एकदाच, खणखणीत. त्या क्षणी मला तो मुलगा इतका सभ्य वाटला की सांगता सोय नाही.

‘टीम फाइव्ह मूव्ह्ज अप,’ पंच म्हणाले आणि माइक माझ्याकडे दिला. ‘कॅप्टन ऑफ द फोर्थ अलायन्स. युअर चॉइस?’

उरलेल्यांत आठवा, नववा असे बरे संघ होते. पण माझ्या वहीत एका नावाखाली दोन रेघा होत्या: खोर फक्कान या बंदराच्या गावची शाळा, बारावी, शेवटची. मासळीच्या प्लास्टिक क्रेटचं यंत्र, पुढे कोळ्यांच्या जाळ्याचा तुकडा. चेंडू तर ते वेचल्यासारखं गोळा करायचं, पण रॅम्पवर चढायला गेलं की दर वेळी उलटायचं आणि सगळं पाण्यात. आम्हाला चेंडू जमत नव्हते, त्यांना रॅम्प जमत नव्हता. मी त्यांच्या कप्तानासमोर गेले. राशिद त्याचं नाव, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला, शांत मुलगा. मी विचारलं. तो हसून म्हणाला, ‘इन्शाल्ला.’

पंचांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘इज दॅट अ येस ऑर अ नो?’

‘इट्स अ येस, सर!’ मी आणि करीम एकाच वेळी ओरडलो. राशिदनं मान डोलावली.

मग नमाजाची सुट्टी झाली. परत आल्यावर सगळे जेवायला बसले. आईनं डबे उघडले होते आणि ती झाकणं आपटत होती, बहुधा स्वतःवरच चिडली होती. करीम भांडायला येतो की काय असं वाटलं, पण तो फक्त यंत्र बघायला आला होता. आईनं घावनाची ताटली पुढे केली. करीमनं छातीवर हात ठेवला, ‘नो, नो, थँक यू आंटी, आय एट.’ आईनं पुन्हा विचारलं. ‘रिअली, आंटी.’ आईनं तिसऱ्यांदा विचारलं आणि करीम खाली बसून जेवायला लागला. दुसऱ्या घासाला तो एकदम थांबला, पलीकडे सँडविच खात बसलेल्या पंचांकडे वळला आणि घावन हवेत हलवत ओरडला, ‘सर! यू सी? दिस! दिस इज व्हॉट शी मेंट!’ पंच उठून आले. आईनं त्यांनाही तीनदा विचारलं. त्यांनी तीन खाल्ली, उसळीसकट, आणि नाक पुसत कितीतरी वेळ विचारात पडलेले दिसले.

बाद फेरीत पहिली युती विरुद्ध चौथी, म्हणजे करीम विरुद्ध आम्ही. पहिला सामना आम्ही सपशेल हरलो. राशिदचं यंत्र चेंडू वेचत सुटलं, पण म्हैस शेवटच्या वीस सेकंदांत रॅम्पकडे निघाली तोवर करीमच्या जोडीदारानं पायथ्याशी आडवं उभं राहून वाट अडवली होती. आणखी एक हार म्हणजे खलास. मी दाराकडे पाहत होते. तीन वाजून गेले होते.

तेवढ्यात काका आले. इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, कपाळावर घाम. आदित्यनं त्यांना ओढत अगदी पुढच्या कठड्यापाशी आणलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, मग फळ्यावरच्या गुणांकडे, मग माझ्याकडे. ‘शिल्लक हाय ना?’ ते म्हणाले. मी मान हलवली आणि जे झालं ते भराभर सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं. ‘मग तिला पळवता कशाला? म्हशीला पळवतात काय? घंटेची वाट बघू नको. आधीच जाऊन बसव.’

इतकं साधं होतं. तीन महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी जोजीला इंग्रजीत सांगितलं, त्यानं राशिदला सांगितलं, राशिद म्हणाला, ‘खलास,’ म्हणजे ठरलं तर, ‘आय टेक ऑल द बॉल्स.’ दुसरा सामना सुरू झाला आणि म्हैस कुणाकडेही न बघता सरळ रॅम्पवर चढली, अगदी वर जाऊन बसली. दोन मिनिटं ती तशीच. खाली राशिदचं जाळं फिरत होतं आणि करीमच्या दोन्ही यंत्रांना कळेना की आधी कुणाच्या मागे लागावं. जिंकलो. लोक उभे राहिले होते. कुणीतरी ‘बफेलो! बफेलो!’ सुरू केलं, आणि मग काकांनी दुरुस्त केल्यावर तो सगळा कठडा ‘म्हस! म्हस!’ ओरडायला लागला, मलबारी, पठाण, अरब, सगळे.

तिसऱ्या सामन्यात करीमनं चेंडू सोडून दिले आणि क्रेनचा हात खाली घालून म्हशीलाच ढकलायला घेतलं. चाकं किंचाळली. पत्रा आत दबला, तो आवाज मला स्वतःच्या फासळीत आल्यासारखा वाटला. म्हैस एक वीतभर मागे सरली. मग अजून चार बोटं. जोजीनं दोन्ही कळा पुढे दाबून धरल्या होत्या, त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती, आणि मागून काकांचा एकच सूर, ‘धर बाय, धर, धर.’ घंटा वाजली तेव्हा तिची मागची दोन चाकं रॅम्पच्या अगदी कडेवर होती. पंच गुडघ्यांवर बसून बघायला आले. बघितलं. उठले आणि आमच्या बाजूला हात केला. मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते आठवत नाही. करीमला मारली एवढं आठवतं, कारण आईनं ते पाहिलं आणि घरी जाईपर्यंत विषय काढला नाही.

अंतिम फेरीत अबू धाबीच्या मुलींनी आम्हाला दोन्ही सामन्यांत धुतलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सभागृह रिकामं होत आलं. खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या, रॅम्प अजून तिथेच होता. काका मैदानाच्या पट्टीबाहेर उभे होते, पट्टीवर पायही न ठेवता. मी कंट्रोलचं खोकं त्यांच्यासमोर धरलं. ‘काका, चालवा ना.’

‘नको गो. पोरांचं काम ते. मोडेल बिडेल.’ त्यांनी हात आडवा केला.

माइकवरचा धडा अजून ताजा होता. नको म्हणजे नको. मी खोकं मागे घेतलं. तेवढ्यात पाठीमागून पंचांचा आवाज आला. ते वायरी गुंडाळत होते आणि त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण तो हात त्यांनी ओळखला होता. ‘आस्क हिम अगेन, यंग लेडी.’

मी पुन्हा विचारलं. ‘खरंच नको,’ काका म्हणाले. पंचांनी तीन बोटं वर केली. मी तिसऱ्यांदा विचारलं.

‘बरं,’ काका म्हणाले. ‘एकच फेरी.’

त्यांनी बाह्या दुमडल्या, हात पँटला पुसले आणि खोकं दोन्ही हातांनी घेतलं. म्हैस आधी भिंतीवर आपटली. मग सरळ झाली. मग ती मैदानभर अशी काही फिरली की बास, आणि तिच्यामागून काका, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तोंडानं आपोआप ‘हर्र, हर्र’. आदित्य मोठमोठ्यानं फेऱ्या मोजत होता. पाच झाल्या. बाबांनी त्याच्याकडे डोळे वटारले नाहीत. शेवटी काकांनी तिला रॅम्पवर चढवली, अगदी वर नेऊन थांबवली आणि खोकं मला परत दिलं. ‘बसली बघ,’ ते म्हणाले.

त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला मी एकटी गेले. पिशवीत त्यांनी माझ्यासाठी पत्रा कापायची त्यांची कात्री आणली होती, मुठीला नवीन कापड गुंडाळून. ती अजून माझ्याकडे आहे, आणि अजून कापते. बस लांबून दिसायला लागली तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं आणि एकदम हुरूप आला. आता मला पद्धत माहीत होती.

‘काका, राहा ना इथेच.’

‘नको गो बाय.’

‘राहा ना, काका. बाबा बोलतील कंपनीत.’

‘नको.’

बस येऊन थांबली, दार उघडलं. मी त्यांची बाही धरली आणि तिसऱ्यांदा विचारलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘नको.’

तिसऱ्यांदाही तेच उत्तर मिळतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.